वय वर्षे उणे चार

निवृत्तीनंतर परदेशात जाऊन सेवा करणार, हे मी गावभर सांगून ठेवलं होतं. सोसायटीनं तर शाल-श्रीफळ देऊन निरोपही दिला. त्यामुळे नेपाळमधल्या धादिङ जिल्ह्यातल्या एका शाळेत, मोतीबिंदू शिबिराच्या पहिल्याच सकाळी, मला नोंदणीच्या टेबलाशी बसवलं तेव्हा माझं तोंड एवढंसं झालं. उभा जन्म बँकेत लोकांची केवायसी करण्यात गेला, आणि सीमा ओलांडून पुन्हा केवायसीच!

"काका, तुम्हाला देवनागरी वाचता येते ना? मग झालं तर," आमच्या ग्रुपच्या म्होरक्या वहिनी म्हणाल्या आणि चहाच्या दिशेनं गेल्या.

समोर लॅपटॉप. त्यात आमच्या ट्रस्टचं सॉफ्टवेअर, कुणाच्या तरी भाच्यानं केलेलं.

पहिल्या आजी आल्या. इथे आमा म्हणायचं. कमरेच्या पटुक्यातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, आणि तिच्यातून नागरिकतेचा चार घड्यांचा कागद. जन्म: साल २००६, असार ३२.

बत्तीस? मी चष्मा पुसला. बत्तीसच.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, हे मला ठाऊक होतं. कॅलेंडर ५७ वर्षं पुढे, हे कुणी बोललं नव्हतं. विक्रम संवत आपल्याला माहीत ते दिवाळी पाडव्यापुरतं. इथे त्याच्यावर अख्खं सरकार चालतं, आणि त्यातले काही महिने ३२ दिवसांचेही असतात. भाच्याच्या सॉफ्टवेअरला हे मुळीच पटेना. ३२ घेईना, म्हणून ३१ घातले. लगेच हिरवी टिकली आली: वय १९. पंच्याहत्तरीच्या आमा माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसल्या. त्यांच्यामागे शाळेचे हेडसर चष्म्याच्या नंबरासाठी उभे होते. जन्मसाल २०२९. लॅपटॉपनं त्यांचं वय काढलं उणे चार.

मग काठी टेकत एक बा आले. कागद नाही. भूकंपाच्या साली जन्म, म्हणाले. २०१५चा भूकंप या भागानं सोसलेला, पण त्या हिशेबानं बा दहा वर्षांचे. माझा चेहरा बघून शेजारची दहावीतली मुलगी म्हणाली, "अंकल, नब्बे सालको!" म्हणजे संवत १९९०, आपल्या १९३४ च्या जानेवारीतला तो महाभूकंप. बा नव्वदी पार केलेले. तिनं एव्हाना वहीत रांगेतल्या सगळ्यांची वयं तोंडी वजाबाकी करून लिहून टाकली होती. डॉक्टरही तीच वही मागत होते.

खरं सांगायचं तर सर्जन नेपाळी, डोळ्यात बसवायची लेन्स काठमांडूच्या तिलगंगा नेत्र रुग्णालयात बनलेली, डाळभात गावकऱ्यांचा. परदेशातून आलेली खास मदत म्हणजे हा लॅपटॉप. आणि त्याच्यामागे मी.

संध्याकाळी रेंज आली आणि दिवसभराची माहिती आपसूक पुण्याला गेली. दहा मिनिटांत ट्रस्टच्या ऑफिसातून फोन.

"काका, तिकडे लहान मुलांमध्ये मोतीबिंदू फारच दिसतोय हो. बालरोगतज्ज्ञ पाठवू का?"