कंचेभागुबेव आणि एसटीतले प्रवासी

गेल्या आठवड्यात सहावीतल्या भाच्याची वही चाळताना १० − ४ + ३ या उदाहरणापुढे ३ हे उत्तर आणि त्यावर लाल फुली दिसली. पायरीही स्वच्छ मांडलेली होती: १० − ७ = ३. विचारले, तर तो ठामपणे म्हणाला, "मामा, कंचेभागुबेव. बे आधी, व नंतर." माझ्या मते ही फुली त्याच्यापेक्षा त्या सूत्राला मिळायला हवी होती.

कंस, चे (‘१० चे अर्धे’ यातला), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा उदाहरण सोडवण्याचा क्रम आपल्यापैकी बहुतेकांनी घोकलेला आहे. बेरीज आणि वजाबाकी समान दर्जाच्या असून डावीकडून उजवीकडे येतील तशा करायच्या, हेही वर्गात सांगितले जाते. परंतु तोंडात बसते ते सूत्र. गंमत अशी, की भागाकार आणि गुणाकारही समान दर्जाचेच आहेत, तरीही तिथे सूत्र दगा देत नाही, कारण त्यात भागाकार आधी येतो. १२ ÷ ३ × २ मध्ये आधी भागले की योग्य उत्तर ८ मिळते आणि १२ × ६ ÷ ३ मध्ये आधी गुणा किंवा भागा, २४च येतात. याच न्यायाने वजाबाकीला बेरजेच्या आधी बसवले असते, तर भाच्याचे उत्तर ९ आले असते.

सूत्राचा बचाव एका अर्थाने करता येतो. आधी बेरीज म्हणजे अधिक चिन्हाच्या संख्या एकत्र करणे, असे घेतले तर १० आणि ३ मिळून १३, त्यातून ४ गेले, ९ उरले. मात्र त्यासाठी चिन्ह हे त्याच्या पुढच्या संख्येचे असते, हे आधी कळलेले असावे लागते. म्हणून भाच्याला एसटीत बसवले: गाडीत १० प्रवासी आहेत, थांब्यावर ४ उतरले, ३ चढले. "मग ७ उतरले असं कोण म्हणेल?" असे विचारल्यावर तो स्वतःच हसला.

हे आत्ताच नीट समजले नाही, तर बीजगणितात महागात पडते. ५ − २(क्ष − ३) = १ हे समीकरण घ्या. कंस आधी सोडवायचा म्हणून मूल तिथे जाते, पण क्ष − ३ पुढे सुटत नाही; मग जे जमते ते करावे म्हणून ५ − २ = ३ करून मोकळे होते. दुसरे मूल कंसाला गुणते खरे, पण चिन्ह मागे ठेवून ५ − २क्ष − ६ लिहिते आणि क्ष = −१ काढते. वास्तविक कंसाबाहेर −२ उभा आहे, आणि −२ गुणिले −३ म्हणजे +६. त्यामुळे ११ − २क्ष = १, २क्ष = १०, क्ष = ५. ताळा पाहा: ५ − २ × २ = १. दुसऱ्या मुलाने −१ ठेवून पाहिले असते, तर डावी बाजू १३ आली असती आणि फुली मारायला कोणाची गरजच उरली नसती. ताळ्याची ही एक ओळ मुलांकडून आपण का लिहून घेत नाही, हे मला कळत नाही.

भाच्याला मी कंचेभागुवबे असा बदल सुचवून पाहिला. त्याने दोनदा म्हणून बघितले आणि सांगितले, "बरोबर असेल मामा, पण म्हणायला मजा येत नाही."