मांजर भरपूर पाणी पितं, म्हणून मी खोटा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

‘वय वाढलं की प्राण्यांची तहान मंदावते’ असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता: ‘आमचं म्हातारं मांजर दिवसभर पाण्याच्या भांड्याशीच असतं. माणसांवरचे प्रयोग प्राण्यांना चिकटवून लोकांना घाबरवू नका. आधी एखादं जनावर पाळा, मग लिहा.’

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण टोचलं तेच. आमच्या घरात कुत्री-मांजरं म्हातारी होऊन गेली आहेत. भांड्यात किती पाणी ओतलं, किती उरलं, हे मोजून वहीत लिहिणारा माणूस आहे मी. घरचे त्यावरून अजून हसतात. पाणी कमी पडलंय का हे पाहायला मानेची कातडी चिमटीत धरतात ना, म्हाताऱ्या जनावरात तीही फसवते, कारण कातडी वयानेच सैल झालेली असते. मी तेव्हा हिरड्या ओल्या आहेत का तेही बघतो. हे पुस्तकात वाचून कळलेलं नाही. मतभेद जरूर असावेत, पण समोरच्याने आयुष्यात कधी जनावराला हात लावला नाही असं गृहीत धरून बोलायची ही कुठली रीत?

असो. आता मांजर. आपण पाहिलंत ते खरं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. वयस्क मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार आढळतो. मूत्रपिंडाचा साधारण दोन तृतीयांश भाग निकामी झाला की लघवी घट्ट करण्याची क्षमता ढासळते, पाणी वाहून जातं आणि मांजर ते भरून काढायला पीत सुटतं. टाकी गळते आहे म्हणून नळ सतत चालू आहे. त्यावरून नळ उत्तम आहे असं ठरत नाही. एवढं पिऊनही शरीरात पाणी कमीच पडू शकतं.

आणि ‘माणसांवरचे प्रयोग’? १९८४ साली प्रसिद्ध झालेला तो प्रयोग माणसांवरचाच होता: २४ तास पाणी बंद ठेवलं, तर रक्तातलं सोडियम जास्त वाढूनही सत्तरीच्या आसपासच्या निरोगी पुरुषांना तरुणांपेक्षा तहान कमी लागली. पण मी उंदरांबद्दलही लिहिलं होतं. खारट द्रावण टोचल्यावर म्हातारे उंदीर तरुण उंदरांपेक्षा कमी पाणी पितात. त्यांची मूत्रपिंडंही पाणी राखून ठेवा सांगणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. उंदीर माणसं नव्हेत, एवढं तरी आपल्याला मान्य असावं.

ओल्या खाद्याचा आपला मुद्दा मात्र बरोबर आहे. डब्यातल्या ओल्या खाद्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते खाणारं मांजर भांड्याकडे फारसं फिरकत नाही, त्यात काळजीचं काही नाही. हे एका ओळीत लिहायला हरकत नव्हती.

भांडं कुठल्या धातूचं असावं आणि माझी भाषा कशी आहे, यावर आपण बरंच लिहिलं आहे. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ५० मिलीलिटरच्या वर मांजर पाणी पीत असेल, तर पशुवैद्य ते जास्तच धरतात. तेव्हा भांडं मोजा आणि रक्त-लघवी तपासून घ्या. माझ्यावर नंतर सवडीने चिडा.