झाडं मोजली, ओळखली का?

सिंहस्थ २०२७ साठी तपोवनात साधुग्राम उभारायचं ठरलं, त्यात सुमारे १,८०० झाडांच्या तोडीचा प्रश्न आला आणि नोव्हेंबर २०२५ पासून नाशिक ढवळून निघालं. गोदा-कपिला संगमाच्या परिसरात लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. प्रशासन म्हणालं, यातली बरीचशी झुडपं आहेत, जुनी झाडं राखू, एकाच्या बदल्यात दहा लावू. आंदोलक म्हणाले, एकालाही हात लावू देणार नाही. मी मूळची गंगापूर रोडची, आता मेलबर्नची. इथे बसून दोन्हीकडचे व्हिडिओ बघत होते आणि मनाने पूर्णपणे आंदोलकांच्या बाजूने होते, आजही आहे. पण एक गोष्ट सतत खटकत राहिली. एवढ्या गदारोळात माझ्या कानावर आकडाच येत राहिला. त्या अठराशेत चिंचा किती, वड-उंबर किती, रेन ट्री किती, सुबाभूळ किती, हे क्वचितच ऐकू आलं.

नावाचा हट्ट कशाला, असं कुणी म्हणेल. तर कायद्याकडे बघा. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं, आणि झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितलं. आता वय काढायचं कसं? बुंध्याच्या घेरावरून अंदाज बांधतात. पण रेन ट्री तीस-पस्तीस वर्षांत एवढा फोफावतो की एका माणसाच्या कवेत येत नाही, आणि चिंचेला तेवढा घेर धरायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. म्हणजे घेर तोच, पण एक झाड साधं आणि दुसरं वारसा. जात चुकली की वय चुकलं, वय चुकलं की भरपाईचा आकडा चुकला. 'झुडपं आहेत' हे विधानसुद्धा यादी हातात असेल तरच तपासता येतं.

मेलबर्नच्या मध्यवर्ती भागातल्या पालिकेने ही यादी लोकांसमोर नकाशावर मांडली आहे. रस्त्यांवरची आणि बागांमधली मिळून जवळपास सत्तर हजार झाडांची नोंद तिथे आहे. ठिपक्यावर बोट ठेवलं की जात कळते, आणि झाड अजून साधारण किती वर्षं काढेल हे रंगावरून समजतं. प्रत्येक झाडाला क्रमांक आणि ईमेलचा पत्ता दिला होता, फांदी मोडली तर कळवता यावं म्हणून. लोकांनी त्या पत्त्यांवर झाडांनाच प्रेमपत्रं लिहिली, आणि पालिकेच्या माणसांनी कित्येकांना उत्तरंही दिली. हे सुचलं ते हौसेपोटी नाही. १९९७ ते २००९ या लांबलेल्या दुष्काळात शहरातली जुनी झाडं वाळू लागली, तेव्हा आपल्याकडे नक्की काय आहे आणि काय जाणार आहे हे मोजणं भाग पडलं. त्यातूनच नियम झाला: एका जातीची झाडं पाच टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, दहा टक्क्यांहून आणि एका कुळाची वीस टक्क्यांहून. एखादी कीड आली तर सगळा रस्ता एकदम बोडका होऊ नये, एवढाच हिशेब. आपल्याकडे 'एकाला दहा' म्हणताना हे दहा कुठले, हा प्रश्न मला याच कारणाने महत्त्वाचा वाटतो.

आता याचा अर्थ इथे सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. ही पालिका श्रीमंत आहे आणि तिची हद्द नाशिक महापालिकेच्या तुलनेत चिमुकली आहे. शिवाय ओळख असली म्हणजे झाड वाचतंच असंही नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला महामार्ग रुंद करायचा होता. जाब वुरुंग हे तिथले मूळ रहिवासी. त्या वाटेतली काही झाडं त्यांना पवित्र. लोक दोन वर्षांहून अधिक काळ तिथे तळ ठोकून बसले होते. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये त्यातलं एक झाड तोडलंच. तेव्हा मेलबर्नचं बोट धरून चाला असं मी नाशिकला सांगणार नाही. तो नकाशा मात्र जरूर उचलावा. आपल्या कायद्यातही दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची तरतूद आहेच. ती यादी रस्त्यावरच्या माणसाला फोनवर दिसली पाहिजे, माझी मागणी एवढीच आहे.

दुसरा वाद देशी-विदेशीचा. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री आणि नीलमोहर अमेरिका खंडातले, म्हणून ही 'शोभेची' झाडं गेली तरी हरकत नाही, असं सर्रास बोललं जातं. नवीन लावताना देशी लावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ताम्हण हे आपलं राज्यफूल. बहावा, पांगारा, काटेसावर, करंज यांच्याइतकी देखणी झाडं शोधून सापडायची नाहीत. सुबाभूळ आणि गिरिपुष्प वाटेल तिथे पसरतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण साठ वर्षं कॉलनीला सावली देणारा रेन ट्री केवळ परका म्हणून कापायचा, हे मला पटत नाही.

या तथाकथित शोभेच्या झाडांकडे कुणी नीट बघतही नाही. गुलमोहर, पेल्टोफोरम (सोनमोहर) आणि नीलमोहर, तिघांचीही पानं पिसांसारखी. फुलं नसताना बहुतेक जण तिघांनाही गुलमोहरच म्हणतात. मग शेंगा बघाव्यात. गुलमोहराची शेंग हात-दीड हात लांब, तलवारीसारखी, वाळली की लाकडासारखी टणक. पेल्टोफोरमच्या शेंगा बोटभर, चपट्या, तांबूस, आणि झाडावर झुपक्यांनी महिनोन् महिने लटकलेल्या. त्याचे कोवळे शेंडे आणि कळ्यासुद्धा गंजाच्या रंगाच्या, मखमली. नीलमोहराला शेंग नसतेच. चपटं, गोल, लाकडी फळ असतं, ते कडेने उकलतं आणि आतून पातळ पंखांच्या बिया उडतात. रेन ट्री ओळखायचा तर संध्याकाळी जावं, पानं मिटलेली दिसतात. आभाळ भरून आलं तरी मिटतात. ताम्हणाला पानं नसली तरी चालतं, फांद्यांच्या टोकांना उकललेली काळपट लाकडी बोंडं मागच्या वर्षीची असतात.

आणि आपट्याचं काय? दसऱ्याला सोनं म्हणून बाजारात ढिगाने येतात त्यात कांचनाची पानं भरपूर असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. दरवर्षी एकमेकांच्या हातात ठेवतो ते पानही आपण नीट बघत नाही, आणि मग झाडावर नोटीस लागली की फक्त आकड्यावर भांडतो.

शिकायला नाशिकइतकी सोयीची जागा नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे, पंचवटीत वड उभे आहेत, देवळाली कॅम्पात जुन्या झाडांचे रस्ते आहेत. मार्च ते मे हे दिवस उत्तम, पळस-पांगारा सरतात तोवर नीलमोहर येतो, मागोमाग बहावा, ताम्हण, गुलमोहर. प्रत्येक कॉलनीतल्या चार जणांनी आपल्या रस्त्याची वही करावी: झाडाचं नाव, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, पानाचा, सालीचा आणि शेंगेचा फोटो, जवळच्या घराची किंवा खांबाची खूण. पुढच्या नोटिशीवर हरकत नोंदवताना 'झाडं तोडू नका' एवढंच न लिहिता, 'अमुक क्रमांकाचं झाड चिंच आहे, घेर इतका आहे, तुमच्या यादीत ते रेन ट्री म्हणून लागलंय' असं लिहून ती वही जोडावी आणि पोच घ्यावी.