नागपूर-मुंबई ५५ मिनिटं? राजेहो, हिशोब पूर्ण करा

गावातल्या सगळ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरून रायला. नागपूर ते मुंबई विमानतळ ७०० किलोमीटर, विमानाला फक्त ५५ मिनिटं, सकाळी घरून निघा, टाटा हॉस्पिटलात पेशंट दाखवा अन् रात्री घरी जेवायला या, अमरावतीहून तं अजूनच लवकर. लोक हे खरं धरून तिकिटं काढून रायले, अन् तेही आजारी माणसाला घेऊन, म्हणून लिहावं लागते.

पहिले ते ५५ मिनिटं. सरळ रेषेत अंतर ६८० च्या आसपास हाय, तेवढं ठीक. पण कोणीतरी ७०० ला ताशी ८०० किलोमीटरच्या स्पीडनं भागलं अन् उत्तर टाकून दिलं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उठल्या उठल्या विमान ८०० नं पळत नाई, आधी रनवेपर्यंत रांगत जाते, मंग चढते, मुंबई जवळ आली की स्पीड कमी करून नंबर लावते, गर्दी असली तं वरच घिरट्या. तिकिटावरच पाहा ना, सुटायची अन् पोचायची वेळ यात साधारण दीड तास असते.

आता "घरून निघा". कोणाच्या घरून? यवतमाळहून नागपूर १५० किलोमीटर, तीन तास धरा, दारव्हा-दिग्रसवाल्यानं वरून आणखी एक तास. चेक-इनचं काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होते म्हणजे दोन तास आधी तिथं पाहिजे, त्यात रस्त्यात गाडी पंक्चर झाली तं संपलंच. मुंबईत उतरल्यावर व्हीलचेअरचा पेशंट सगळ्यात शेवटी बाहेर येते, मंग बॅगा, मंग टॅक्सी, परळपर्यंत, म्हणजे टाटा हॉस्पिटलापर्यंत, ट्रॅफिकमध्ये तास सहज जाते. दारव्ह्याच्या दारातून परळच्या गेटपर्यंत नऊ तास झाले, अन् नव्या पेशंटची फाईल, तपासण्या सहसा एका दिवसात होत नाईत. मुक्कामाची सोय आधी पाहा, तिकीट मंग काढा.

तिसरा मुद्दा, "अमरावतीहून तं अजून लवकर, काऊन की अंतर कमी". अंतर कमी हाय हे खरं, सरळ रेषेत ५४० च्या जवळपास. अमरावतीचं बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, चांगलीच गोष्ट झाली. पण तिथला रनवे १८५० मीटरचा, अन् सेवा सुरू झाली ते पंख्याच्या एटीआर विमानानं, त्याचा स्पीड ५०० च्या आसपास, त्यामुळं वेळ पावणेदोन तास, म्हणजे नागपूरपेक्षा जास्तच. सुरुवातीला विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं, तवा अपॉइंटमेंटच्या तारखेला विमान हाय का ते पयले तपासा. तरी आपल्या भागातल्या पेशंटला गाडीतला त्रास कमी होते, म्हणून मी बेलोराच पयले पाहीन.

अन् "मुंबई विमानतळ" म्हणजे कोणतं तेही मेसेजमध्ये नाई. आता नवी मुंबईचंही सुरू झालं, दोन्हीत रस्त्यानं ३५-४० किलोमीटर. पैसे भरायच्या आधी तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा, अन् व्हीलचेअर लागत असली तं बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.