टाउन हॉलात आजची चित्रे का नसावीत?

जुन्या वास्तूत आजच्या चित्रांना जागा द्यावी की नाही, हा वाद रविवारी रात्री कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर झडला आणि त्याला निमित्त झाला आमच्या गल्लीतला, चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा. तो नुकताच मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय पाहून आला होता. सर कावसजी जहांगीर सभागृहाची १९११ सालची वास्तू बाहेरून तशीच ठेवून आतल्या पोकळीत चढत्या मजल्यांची दालने बसवली आणि १९९६ मध्ये तिथे संग्रहालय उघडले, हे तो इतक्या उत्साहाने सांगत होता की कंत्राटदारांच्या हातातला धारोष्ण दुधाचा पेला हातातच राहिला. जिथे पूर्वी सभा आणि मैफली होत, तिथे आज घुमटाखाली उभे राहून चित्रे पाहता येतात. मग आपल्या टाउन हॉलने काय पाप केले आहे, असा त्याचा सरळ प्रश्न होता.

"एकूण चौरस फूट किती?" कंत्राटदारांनी विचारले.

वकीलसाहेब म्हणाले, "यांना स्वर्गाच्या दारात उभे केले, तरी हे आधी चौकटीचे माप घेतील." त्यावर सगळे हसले, पण कंत्राटदार हटले नाहीत. खाली चकचकीत फरशी, वर फॉल्स सीलिंग, भिंतींना पांढरा प्लास्टिक पेंट आणि चार टनांचे एसी अशी सगळी योजना त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. कमानींच्या टोकदार खिडक्या बुजवल्या की भिंतीही वाढतात, ही त्यांची खास सूचना होती. स्वतःच्या वाड्यातल्या कोरीव सागवानी खांबांना ज्यांनी ऑइल पेंट फासला, त्यांच्याकडून दुसरे काय निघणार, असे मास्तर पुटपुटले आणि वीस वर्षांपूर्वीचे ते भांडण पुन्हा एकदा थोडेसे भांडून झाले.

वकीलसाहेबांचा आक्षेप वेगळा होता आणि तो त्यांनी नेहमीप्रमाणे सनावळीसह मांडला. चार्ल्स मँटने आराखडा केलेली ही वास्तू १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात जे सापडले, त्यासाठी १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि १९४९ मध्ये ते टाउन हॉलात आले. म्हणजे मुळात हे पुराणवस्तूंचे घर आहे. तिथे कुणी उद्या तारेची जाळी आणि मोडक्या खुर्च्या मांडून त्याला कलाकृती म्हणू लागला, तर ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडनने, त्या ग्रीक समुद्रदेवाने, काय करावे?

मास्तरांनी इतका वेळ फार तोंड उघडले नव्हते. चित्रकला शिकवण्यात त्यांची हयात गेली आहे आणि टाउन हॉलच्या त्या ब्राँझच्या पोसायडनसमोर त्यांनी पोरांच्या किती पिढ्या वही-पेन्सिल देऊन बसवल्या असतील, याची गणती नाही. मूर्ती वीतभरही नाही. पण उचललेल्या हातामुळे छातीला आलेला ताण आणि एका पायावर गेलेला भार इतक्या लहान आकारात कसा सांभाळला आहे, हे त्यांनी दाखवल्याशिवाय मलाही कधी दिसले नसते.

"वकीलसाहेब," मास्तर म्हणाले, "सातवाहनांच्या काळात ज्या कोल्हापूरकराने ती मूर्ती घरात आणली, त्याच्या लेखी ती पुराणवस्तू नव्हती. समुद्रापलीकडून आलेली, इथे कुणी न पाहिलेली, शेजाऱ्यांना कदाचित विचित्र वाटलेली अशी ती नवी कला होती. त्याने ती ठेवली म्हणून आज तुम्ही तिचे रक्षण करायला उभे आहात. आपण उद्यासाठी काय ठेवतो आहोत, ते सांगा."

यावर कट्टा गप्प झाला, आणि मला वाटते तो व्हायलाच हवा होता. टाउन हॉलात जुन्या चित्रकारांपैकी आबालाल रहिमान आहेत, बाबूराव पेंटर आहेत, दत्तोबा दळवी आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या घरात त्यांची निसर्गचित्रे जपलेली आहेत. पण ज्या शहराने स्वतःला कलापूर म्हणवून घेतले आणि जिथे दळवीज आणि कलानिकेतनसारख्या संस्थांतून आजही मुले शिकून बाहेर पडतात, तिथे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली कोल्हापूरची चित्रकला सलगपणे पाहायची झाली, तर पाहुण्याला न्यायचे कुठे? शाहू स्मारक भवनात प्रदर्शने लागतात, आठवड्यात उतरतात आणि चित्रे पुन्हा चित्रकाराच्या पलंगाखाली जातात.

मग कोटितीर्थाचा विषय निघाला. १९२२ साली शाहू महाराज गेल्यानंतर आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे त्या तळ्यात सोडली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मुलगा म्हणाला की त्याच कोटितीर्थाशेजारी १९०६ सालची शाहू मिल आहे. टाउन हॉल लहान पडत असेल, तर मिलमध्ये काय अडचण आहे? कापडगिरण्यांच्या छपरांतून उत्तरेचा जो स्थिर उजेड घेण्याची पद्धत होती, तोच उजेड चित्रकार आपल्या खोलीसाठी शोधत असतो.

इथे कंत्राटदारांनी त्या रात्रीचा एकमेव वजनदार मुद्दा मांडला. "उजेडाचे सांगता, पण आगीचे काय? आठ ऑगस्टला केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांदेखत जळाले ना?" २०२४ ची ती रात्र कुणालाही आठवण करून द्यावी लागत नाही. मास्तरांनी मुद्दा ताबडतोब मान्य केला. जुन्या वास्तूत लाकूड असते, वायरिंग असते, आणि आपल्या पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी यायला एक गळका कोपरा पुरतो. पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी कट्ट्याच्या दगडावर एक पातळ फटकारा ओढला आणि जलरंगाचा थर याहून जाड नसतो, असे मुलाला सांगितले. अशा चित्रावर पन्नास लक्सच्या आसपासच, म्हणजे मंदच, प्रकाश ठेवतात. वर्षानुवर्षे ऊन पडले तर कागद राहतो, आकाश उडून जाते. त्यामुळे खिडक्या बुजवायच्या नाहीत, पण ऊन गाळायचे, हे काम फरशी बसवण्याहून अवघड आहे आणि ते जाणत्या माणसाकडेच द्यायला हवे.

"पण इमारत ही शेवटची गोष्ट आहे," मास्तर पुढे म्हणाले. "आधी दर वर्षी चित्रे विकत घेण्यासाठी पैसे काढा, ती निवडायला जाणकार बसवा, प्रत्येकाची नोंद करा, मागे ओल लागणार नाही अशी साठवणीची खोली बांधा. वास्तू ऐतिहासिक आणि आत रिकाम्या भिंती, असे झाले तर आपण फक्त चांगली रंगसफेदी केलेली असेल."

कंत्राटदारांना हे लागले असावे. खरेदीची गरजच काय, लोक फुकट देतील, असे सांगताना ते भरात बोलून गेले की त्यांच्या आजोबांचे तैलचित्र त्यांच्याकडे पडून आहे, बाबूरावांच्या हाताखाली शिकलेल्या कुणीतरी काढलेले, आणि ते उद्या सकाळी संग्रहालयाला द्यायची त्यांची तयारी आहे.

"पडून म्हणजे कुठे?" मास्तरांनी विचारले.

"गोदामात. सिमेंटच्या पोत्यांना टेकून ठेवलंय."

मास्तर असे उठले की पेला कलंडला. "पाऊस तोंडावर आलाय आणि आजोबा सिमेंटपाशी? चला, किल्ली काढा." कंत्राटदारांनी रात्रीचे अकरा वाजल्याची आठवण करून दिली, पण वकीलसाहेबांनी स्कूटर सुरूही केली होती. "चित्रातल्या मिशा शाबूत असल्या तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर वारस म्हणून उद्या तुमच्यावर दावा मीच लावतो." या वेळी कंत्राटदारही पोट धरून हसले, आणि खिशातल्या जुडग्यातून गोदामाची किल्ली शोधत मुलाच्या मागे गाडीवर बसले.