गोव्यात येऊन पणजी आणि जुनं गोवं कशाला बघायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पणजी आणि परिसरात दोन दिवस कसे घालवावेत या माझ्या लेखावर तुम्ही पुण्याहून सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. कलंगुट-बागा मी दोन ओळींत उरकले, दूधसागर गाळला आणि जुनी घरं, वाचनालय, चर्च यांवर मात्र भरभरून लिहिलं. अशा ठिकाणी मुलं कंटाळतात. आणि तुमचा सगळ्यांत टोकदार प्रश्न : ज्या पोर्तुगीज सत्तेने आपली देवळं पाडली, तिने बांधलेली चर्च मराठी माणसाने कौतुकाने का बघायची? डिसेंबरात तुम्ही आई आणि दोन मुलांना घेऊन येणार, हातात दोनच दिवस, त्यामुळे तुमची तळमळ कळते. तरीही यादी मी बदलणार नाही.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

देवळं पाडली गेली. तिसवाडी तालुक्यातली, म्हणजे पणजी आणि जुन्या गोव्याच्या परिसरातली, १५४० च्या सुमारास, दक्षिणेकडच्या सासष्टी तालुक्यातली १५६० च्या दशकात. गोव्यातल्या हिंदू घरांत हे कुणाला शिकवावं लागत नाही. श्रीमंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. आज ही तिन्ही दैवतं फोंडा तालुक्यात आहेत, मंगेशी, कवळे आणि म्हार्दोळला. नदीपलीकडचा तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता आणि पोर्तुगिजांचा हात तिथवर पोचत नव्हता, म्हणून लोकांनी आपले देव तिकडे नेले. तुम्ही मंगेशीला जाणारच आहात. पण नुसतं मंगेशीला जाऊन, दीपमाळेसमोर फोटो काढून, प्रसाद घेऊन परतलात तर गोष्टीचा उत्तरार्धच हाती लागेल. देव निघाले कुणाच्या धाकाने, तो धाक केवढा होता, हे जुन्या गोव्यात, पोर्तुगिजांच्या त्या वेळच्या राजधानीत, गेल्याशिवाय उमजत नाही. मंगेश कुठ्ठाळीहून हलला १५६० मध्ये, आणि जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रल या मोठ्या चर्चचं बांधकाम सुरू झालं १५६२ मध्ये. त्या कॅथेड्रलच्या आत उभं राहून वर बघा. नदीपलीकडे देव घेऊन जाणारी माणसं कुणाला तोंड देत होती, ते तिथे कळतं.

तिथून थोडं चढून सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याकडे जा. जुन्या गोव्यात सर्वाधिक वेळ द्यावा तो इथे, असं माझं ठाम मत आहे. जवळजवळ ४६ मीटर उंचीचा हा मनोरा आज अर्धाच उरलाय. मागचं प्रचंड चर्च ओस पडलं, १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं. साथीच्या रोगांनी हे शहर आधीच रिकामं होत आलं होतं, आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. एवढी बलाढ्य सत्ता आणि तिची राजधानी रानात गेली, हे तिथल्या उघड्या चिऱ्यांच्या भिंतींमधून फिरताना डोळ्यांना दिसतं.

बॉम जेझू बाझिलिकाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती सतराव्या शतकात गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सहून आला, पण नजर खिळते ती पेटीवरच्या नक्षीवर. चर्चचा चिरा इथल्या मातीतला, घडवणारे हात इथल्या माणसांचे. त्या माणसांची नावं कुठे कोरलेली नाहीत, म्हणून तर आपण ते काम नीट बघायला हवं. तुम्ही श्रद्धेने जा किंवा जाऊ नका, तो तुमचा प्रश्न. पण पाठ फिरवून निघालात तर आपल्याच कारागिरांकडे पाठ फिरवाल.

आणि यानंतर जे करायचं ते बहुतेक पर्यटक करत नाहीत, म्हणून लेखात मी त्यावर इतका जोर दिला होता. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. पोर्तुगिजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याचं कुलदैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर होतं. ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथलं देऊळ नव्याने उभं राहिलं. तसा शिलालेख तिथे आहे. गोवा सरकारने त्याचा जीर्णोद्धार केला आणि २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला जायलाही फेरीबोट आहे. म्हणजे एका दुपारी, दोनदा नदी ओलांडून, तुम्ही पोर्तुगिजांच्या राजधानीतून महाराजांनी उभारलेल्या देवळात पोचता. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबासाठी गोव्यात यापेक्षा मोलाची दुपार मला ठाऊक नाही.

मुलं कंटाळतात म्हणता, तर सुरुवात याच फेरीबोटीने करा. गाड्या, स्कूटर, माणसं सगळी एकत्र चढतात, पुढची लोखंडी फळी उचलली जाते आणि बोट निघते. शहरातल्या कुठल्याही पाळण्यापेक्षा मुलांना ती जास्त आवडते. पणजीत आदिलशहाच्या वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. हात पुढे करून एका बाईला संमोहित करणारा हा माणूस १७५६ मध्ये कांदोळीत जन्मला आणि पॅरिसला जाऊन संमोहनविद्येत नाव कमावून बसला. हे पुतळ्यासमोर उभं राहून सांगा, मुलं स्वतःहून प्रश्न विचारतील. रेईश मागुशचा किल्ला आटोपशीर आहे, तटावरून मांडवी आणि पलीकडची पणजी दिसते. आत गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रंही आहेत.

वाचनालयाबद्दल तुम्ही "सुट्टीत वाचनालय कोण बघतं?" असं लिहिलंत. मी लिहिलं त्याला कारण आहे. पणजीतल्या पाटो भागातल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, देशातल्या अगदी जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्याला कृष्णदास शामाचं नाव दिलंय. हा केळशीचा सोळाव्या शतकातला मराठी ग्रंथकार. म्हणजे ज्या गावाहून शांतादुर्गा कवळ्याला गेली, त्याच गावचा. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला, आणि १६१६ मध्ये सासष्टीतल्या रायतूरला फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं, ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं गेलं. ज्या सत्तेने देवळं पाडली, तिच्या धर्मगुरूला लोकांपर्यंत पोचायला मराठी ओवीच लागली. गोवा म्हणजे मजा करायची परकी जागा, एवढंच आपल्या मुलांना वाटू नये यासाठी अर्धा तास तिथे घालवा.

जुन्या घरांविषयी थोडंच सांगतो. फोंतेन्हास आणि मळा या पणजीतल्या जुन्या वस्त्यांत सकाळी लवकर जा. तिथे माणसं राहतात. त्यांच्या उंबऱ्यावर बसून, खिडकीला टेकून फोटो काढणाऱ्यांनी रहिवासी त्रासले आहेत, तेव्हा रस्त्यावरूनच बघा. भाजी-पाव खायचा असेल तर त्याच वेळी, जिथे ऑफिसला निघालेली मंडळी उभी दिसतील तिथे.

आता दूधसागर. तीनशे मीटरहून उंच धबधबा आहे, सुंदर आहे, वाद नाही. पण त्यासाठी पणजीहून कुळ्याला जायचं, वन खात्याच्या हद्दीतली जीप मिळेपर्यंत थांबायचं, मग जंगलातला खडबडीत रस्ता. दिवस तिथेच संपतो. दोन दिवसांतला एक असा द्यावा, आणि तोही वयस्कर आईला घेऊन, हे मी सुचवणार नाही. तीन दिवस असते तर जरूर लिहिलं असतं.

समुद्राचं म्हणाल तर तो संध्याकाळी बघा. दुपारच्या उन्हात कलंगुटला गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, त्यात जुनं गोवं निम्मं बघून होतं. पणजीतच मिरामार आहे, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी तिथेच आहे. पाण्यात उतरायचं तर जीवरक्षक असतील तिथेच, लाल बावटा असेल तर अजिबात नाही. मुलांना कलंगुटलाच जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधी जा, जेवण तिकडेच करा.

तुमच्या आईंच्या गुडघ्यांचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. पणजीच्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या त्यांना चढायला लावू नका, समोरच्या चौकातून ते छान दिसतं. बॉम जेझू आणि से कॅथेड्रल समोरासमोर सपाटीवर आहेत, तिथे अडचण नाही. ऑगस्टीनच्या मनोऱ्यापर्यंतचा चढ मात्र गाडीनेच घ्या. आणखी एक, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात आणि ८ डिसेंबरला पणजीत फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, असतं. त्या दिवसांत रस्ते तुडुंब भरतात, तेव्हा तुमच्या तारखा कळवा. त्यानुसार पहिला दिवस फोंड्याचा ठेवायचा की जुन्या गोव्याचा, ते ठरवून खाली लिहितो.