ब्युरेटचं रीडिंग (सीबीआर) 10.3 आलं तर 10.3च लिहा की

आमच्या सांगलीच्या शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, बारावी केमिस्ट्रीचे प्रॅक्टिकलचे 30 मार्क बंद करा, सगळ्यांनाच खिरापत वाटतात, सीईटीला प्रॅक्टिकल कोण विचारतंय. मग कोणतरी म्हणणारच, "तुमच्या इंग्लंडात कसं असतंय सांग की लेका."

तर मी इथं एका शाळेत लॅब टेक्निशियन आहे. 2015 पासून ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, ग्रेडमध्ये प्रॅक्टिकल धरतच नाहीत, किमान 12 करायची, पासचा शेरा वेगळा. पण लेखी पेपरात निदान 15 टक्के मार्क प्रॅक्टिकलच्या समजेवर. म्हणून इथली पोरं लय हुशार असं काही नाही हां, निष्कर्षात "ह्यूमन एरर" खरडून मोकळं व्हायची खोड इथंही आहेच.

सुट्टीत विश्रामबागला भाचीचं जर्नल चाळत होतो. 10 मिली 0.05 मोलर ऑक्झॅलिक ॲसिड, सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं (थेंबथेंब द्रावण सोडायच्या खुणांच्या काचनळीचं) परत परत तेच येणारं रीडिंग, 10.3 मिली, त्यावरून परमँगनेटच्या द्रावणाची तीव्रता 0.0194 मोलर. ते खोडून वर 0.02, का तर बाटलीवर तसं लिहिलं होतं! अगं बाई, लिहायची जागा तर हीच होती. 0.1 मिलीच्या खुणांच्या ब्युरेटची सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन रीडिंगं मिळून चूक फार तर 0.1 मिली, म्हणजे टक्काभर, आणि फरक आहे 3 टक्क्यांचा, तेव्हा नुसतं "रीडिंग चुकलं" म्हणून भागत नाही. ब्युरेट पाण्यानं धुऊन परमँगनेटनं खंगाळली नसेल तर द्रावण पातळ होतं, रीडिंग वाढतं, उत्तर कमी येतं, दिशा जुळली. नीट खंगाळून परत केलं आणि तरी 10.3च आलं तर? परमँगनेट ठेवून ठेवून उतरतं, म्हणजे कदाचित पोरगी बरोबर आणि बाटलीवरचं लेबलच जुनं. एवढं चार ओळीत लिहिलं की झाला निष्कर्ष, त्याला वेगळी भाषा लागत नाही.

आपल्याकडं उसाचा दर रिकव्हरीवर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर, ठरतो, कारखान्याच्या लॅबनं मोजलेला आकडा खोडून "यायला पाहिजे" तो लिहिला तर वाळव्याचा शेतकरी गप बसेल का?

म्हणून माझं मत, 30 मार्क ठेवा, फक्त त्यातले निम्मे तरी न जुळलेल्या उत्तराचं कारण सांगण्याला द्या, आणि बाटलीवरचं लेबल झाकून ठेवा.